दिवाळीची शेवंती आणि मागच्या शेडमधला दिवा: एका रोपवाटिकेचे प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्याच्या पश्चिमेकडील एका उपनगरात, मुख्य रस्त्यापासून थोडी आत, सुमारे अर्ध्या एकरावर एक दांपत्य रोपवाटिका चालवते. ओळख पटू नये म्हणून रोपवाटिकेचे नाव, नेमके ठिकाण आणि प्रकरणातील ग्राहक कंपनीचे नाव येथे दिलेले नाही. रोपांची सगळी जबाबदारी पतीकडे आणि दुकान, हिशेब व ग्राहक पत्नीकडे अशी वाटणी आहे. शोभेची बहुतेक रोपे उरुळी कांचन परिसरातील घाऊक रोपवाटिकांतून येतात आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला एखाददुसरा ट्रक आंध्र प्रदेशातील कडियमहून येतो. शेवंती आणि पॉइन्सेटिया (नाताळात लाल होणारे शोभेचे झाड) ही दोन रोपे मात्र मालक स्वतः छाटे, म्हणजे फांदीचे तुकडे, लावून वाढवतात, कारण विकत आणलेल्या रोपापेक्षा त्यांत नफा जास्त राहतो आणि घरच्या रोपाचा दर्जा ग्राहकालाही कळतो.

सणांच्या विक्रीकडे हे दांपत्य वळले ते 2020 मध्ये. टाळेबंदीनंतर घरोघरी कुंड्या लावण्याची हौस वाढली होती, मिठाईच्या डब्याऐवजी रोप भेट देणारी गिऱ्हाइके दिसू लागली होती, आणि त्या वर्षी अधिक आश्विनामुळे दिवाळी उशिरा, 14 नोव्हेंबरला आली होती. जूनमध्ये लावलेले शेवंतीचे छाटे बरोबर त्या आठवड्यात फुलले आणि एकही कुंडी उरली नाही. 2021 मध्ये लक्ष्मीपूजन 4 नोव्हेंबरला होते. त्या वेळी निम्म्या कुंड्या अर्धवट उमललेल्या होत्या, तरीही त्या विकल्या गेल्या. दिवाळी दहा दिवस अलीकडे आली आणि फूल तेवढेच मागे राहिले, ही खूण त्या वर्षी डोळ्यांसमोर होती. पण माल संपला की मागे वळून कोणी पाहत नाही, तसेच येथेही झाले.

त्याच वर्षी हाताने केलेल्या वस्तूंची भर पडली. शेजारच्या वस्तीतील अकरा महिलांच्या बचत गटाने आधी पणत्या रंगवून दिल्या, मग भाजलेल्या मातीच्या कुंड्यांवर गेरूच्या पार्श्वभूमीवर पांढरी नक्षी काढून दिली. पिवळी शेवंती आणि गेरूची कुंडी ही जोडी लोकांना फार आवडली. 2022 च्या जुलैमध्ये दांपत्याने या जोडीवरच मोठा डाव मांडला: शेवंतीच्या सहाशे कुंड्या, गटाकडून रंगवून घ्यायच्या आठशे कुंड्या, आणि नाताळसाठी पॉइन्सेटियाची साडेतीनशे रोपे. ऑगस्टमध्ये एका कंपनीने कर्मचाऱ्यांना द्यायला दीडशे भेटसंच मागवले. ऑर्डर देताना त्यांना आदल्या वर्षीचे छायाचित्र दाखवले होते. त्यात शेवंती गच्च फुललेली होती. पोहोच 19 ऑक्टोबरला करायची होती आणि तीस टक्के रक्कम आगाऊ मिळाली होती.

गटाशी झालेला व्यवहार तोंडी होता. कोरी कुंडी आणि रंग रोपवाटिकेने द्यायचे, रंगकामाचे कुंडीमागे साठ रुपये, आणि पैसे 'कुंडी विकली गेली की'. हे शेवटचे चार शब्द पुढे फार महाग पडले.

अडचण कशी उघड झाली

सप्टेंबरच्या अखेरीस, घटस्थापना होऊन दोन-तीन दिवस झाले असताना, मालकांच्या लक्षात आले की शेवंतीचा वाढीचा जोर ओसरतच नाही. पाने काळसर हिरवी, शेंडे लुसलुशीत, फांद्या लांब, आणि बहुतेक कुंड्यांत कळीचा पत्ता नाही. नत्र जास्त झाले असावे असे समजून त्यांनी खत बंद केले. दुकानात येणाऱ्या एका विक्रेत्याने फुलांचे 'टॉनिक' सुचवले आणि त्याची एक फवारणीही झाली. फरक पडला नाही.

उलगडा झाला तो एका निवृत्त उद्यानविद्या प्राध्यापकांमुळे. ते रोपवाटिकेचे जुने ग्राहक आहेत. त्यांनी कुंड्या तपासण्याआधी जागा पाहिली. मागच्या बाजूला सिमेंटची पाण्याची टाकी आहे आणि तिच्या आडोशाला शेवंतीची एक रांग होती. त्या रांगेतील प्रत्येक शेंड्यावर वाटाण्याएवढ्या कळ्या धरलेल्या होत्या आणि काहींच्या टोकाला पिवळी रेघ दिसत होती. टाकीपासून चार हात पुढे, त्याच दिवशी लावलेल्या, त्याच मातीतल्या, तेच पाणी मिळालेल्या कुंड्यांत एकही कळी नव्हती. प्राध्यापकांनी एवढेच विचारले, "रात्री इथे दिवा कोण लावतं?"

दिवा बचत गटासाठी लावला जात होता. महिला दिवसभर घरकाम आणि इतर कामे उरकून सातच्या सुमारास येत आणि मागच्या शेडमध्ये बसून दहापर्यंत कुंड्या रंगवत. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, गणपतीसाठीच्या कुंड्यांचे काम सुरू झाले तेव्हा, नक्षी नीट दिसावी म्हणून मालकांनी तेथे एक मोठा एलईडी फ्लडलाइट बसवून दिला होता. त्याचा झोत शेडच्या तोंडातून थेट शेवंतीवर पडत होता. टाकीच्या सावलीतली रांग तेवढी वाचली होती.

शेवंती कळी धरते ती रात्रीचा अखंड अंधार पुरेसा लांबला की. पुण्याच्या अक्षांशावर जूनमधला सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो आणि सप्टेंबरच्या अखेरीस दिवस-रात्र जवळपास समान होतात. रात्र अशी वाढू लागली की रोप फांद्या वाढवणे थांबवून कळीकडे वळते, आणि तेथून फूल उमलायला जातीनुसार साधारण आठ ते दहा आठवडे लागतात. रात्री दहापर्यंत दिवा जळत राहिला म्हणजे सूर्योदयापर्यंत अंधार उरतो जेमतेम आठ तासांचा. रोपाच्या दृष्टीने तो उन्हाळाच. फुलशेती करणारे अनेक शेतकरी शेवंती लांबवण्यासाठी रात्री शेतात मुद्दाम दिवे लावतात. येथे तेच नकळत घडले होते.

मात्र दिव्यावर सगळे खापर फोडणे योग्य होणार नाही. 2022 चे लक्ष्मीपूजन 24 ऑक्टोबरला होते, म्हणजे 2020 च्या तुलनेत बरोबर तीन आठवडे अलीकडे. टाकीमागची अंधारातली रांगसुद्धा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्याआधी पूर्ण उमलणार नव्हती. दिव्याने सुमारे चारशे कुंड्या आणखी मागे टाकल्या, पण दिवा नसता तरी दिवाळीला या घरच्या शेवंतीचे फूल दिसले नसते. मालकांना हा दुसरा भाग पचवणे अधिक जड गेले. दिवा हा अपघात म्हणता येतो, पंचांग मात्र भिंतीवरच टांगलेले असते.

दुसरी अडचण कुंड्यांची होती. गणपतीत विकलेल्या काही रंगीत कुंड्या ग्राहकांनी परत आणल्या होत्या. नक्षीवर फोड आले होते, काही ठिकाणी रंगाचे पापुद्रे सुटले होते आणि बुडाशी पांढरे क्षार उमटले होते. भाजलेली माती सच्छिद्र असते. आत घातलेले पाणी भिंतीतून बाहेर झिरपते आणि बाहेरून ॲक्रेलिक रंगाचा घट्ट थर असेल तर तो थर उचलून टाकते. आदल्या वर्षी गटाने गेरू आणि खडूची पांढरी माती वापरली होती, ती पाण्याला वाट देत होती. या वर्षी चमक यावी आणि हाताला रंग लागू नये म्हणून ॲक्रेलिक आणले गेले. हा बदल दुकानातूनच सुचवला गेला होता, गटाने स्वतःहून केलेला नव्हता, हे पुढच्या वादात महत्त्वाचे ठरले.

समोर असलेले पर्याय

2 ऑक्टोबरच्या रविवारी दांपत्य, त्यांचा महाविद्यालयात शिकणारा मुलगा, प्राध्यापक आणि गटाच्या अध्यक्षा असे पाच जण बसले. कंपनीची पोहोच सतरा दिवसांवर होती.

पहिला विचार काळे कापड टाकून रोज संध्याकाळी पाचपासून सकाळी आठपर्यंत कृत्रिम रात्र करण्याचा होता. पद्धत खरी आहे, पण ती ऑगस्टमध्ये सुरू करायची असते. सतरा दिवसांत तिचा उपयोग शून्य होता. शिवाय पाऊस सुरू असताना झाकलेल्या रोपांत दमटपणा साठून पानांवर बुरशी येण्याची भीती होती. हा पर्याय पाच मिनिटांत बाजूला पडला.

दुसरा पर्याय फुललेल्या कुंड्या बाहेरून विकत आणण्याचा. घाऊक व्यापाऱ्यांकडे बंगळूरकडून येणारी, नियंत्रित अंधारात वाढवलेली शेवंती मिळते. दिवाळीच्या तोंडावर तिचा भाव चढलेला असतो आणि प्रवासात फांद्या मोडतात. दीडशे कुंड्या आणल्या असत्या तर कंपनीच्या ऑर्डरमधला नफा संपून थोडे पदरचे गेले असते. मालक तरीही त्याकडे झुकले होते, कारण दिलेला शब्द मोडायचा नव्हता.

मुलाने सुचवले की कळ्यांवर असलेली रोपेच द्यावीत आणि सोबत 'दिवाळीनंतर फुलेल' असे कार्ड जोडावे. सूचना हसण्यावारी गेली, पण पुढे तिच्यातूनच काही निघाले. तथापि कंपनीच्या बाबतीत ती गैरलागू होती; भेट ज्या दिवशी हातात पडते त्या दिवशी ती पूर्ण दिसली पाहिजे, आणि दिव्याच्या झोतातल्या कुंड्यांत तर कळ्याही नव्हत्या.

चौथा पर्याय रोप बदलण्याचा होता. सिंगोनियम, स्नेक प्लांट, पीस लिली अशी सावलीत टिकणारी पानांची रोपे उरुळी कांचनहून दोन दिवसांत आणता येत होती, गटाच्या कुंड्यांत ती शोभणार होती आणि कार्यालयातील टेबलावर शेवंतीपेक्षा ती जास्त टिकली असती. अडचण एकच होती, ती म्हणजे कंपनीला आधी सांगावे लागणार होते.

या चर्चेत गटाच्या अध्यक्षांनी मांडलेला मुद्दा कोणाच्याच यादीत नव्हता. "दादा, रोपं तुमची, दिवा तुमचा. फुलं आली नाहीत म्हणून आमची मजुरी का अडकायची?" कुंडी विकली गेली की पैसे, हा करार शेवंती फुलणार हे गृहीत धरून झालेला होता. आतापर्यंत पाचशेहून अधिक कुंड्या रंगवून तयार होत्या आणि हाती पडले होते फक्त गणपतीत खपलेल्या कुंड्यांचे पैसे. महिलांना वसुबारसेआधी पैसे हवे होते, कारण घरचा किराणा आणि मुलांचे कपडे त्याच पैशांतून व्हायचे होते. मालकीणबाईंचे म्हणणे असे की खराब झालेल्या कुंड्यांचा तोटा रोपवाटिकेने आधीच सोसला आहे, आता न विकलेल्या मालाचेही पैसे द्यायचे तर खेळते भांडवल कोठून आणायचे. दोघींचेही बरोबर होते. अशा वेळी कागद असता तर निदान वाद कशावर आहे ते ठरले असते.

निर्णय आणि कृती

त्याच रात्रीपासून मागचा दिवा बंद झाला. त्यासाठी रंगकामाला दुसरी जागा हवी होती. दुकानाची पुढची खोली लहान होती आणि तेथे दिवाळीचा माल रचलेला होता, म्हणून दांपत्याने आपल्या घराचा व्हरांडा गटाला दिला. घर रोपवाटिकेला लागूनच असल्याने कुंड्यांची ने-आण अवघड नव्हती. हा निर्णय साधा वाटतो, पण तो घेताना काही वेळ असा सूर निघाला होता की महिलांनी दिवाळीपर्यंत येणेच थांबवावे. तसे झाले असते तर शेवंतीची चूक गटाच्या रोजगारातून फेडली गेली असती. तो सूर प्राध्यापकांनी मोडून काढला.

सोमवारी मालकीणबाईंनी कंपनीला फोन केला. त्यांनी फूल येणार नाही हे स्पष्ट सांगितले, कारण सांगितले, आणि दोन नमुने घेऊन भेटायला येते म्हणाल्या: एक सिंगोनियमचा संच आणि एक बाहेरून आणलेल्या शेवंतीचा, वाढीव किमतीसह. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला सर्वांत मोलाचा निर्णय हाच. सोळा दिवस आधी आलेली वाईट बातमी ग्राहक ऐकून घेतो. तीच दोन दिवस आधी आली तर तो आगाऊ रक्कम परत मागतो. कंपनीने दीडशेपैकी एकशे वीस संच सिंगोनियमचे घ्यायचे ठरवले आणि तीस रद्द केले. संचात सुगंधी मेणबत्ती घालता येईल का, अशीही विचारणा झाली. रोपांवर जीएसटी नाही, परंतु एकत्रित किमतीला विकलेल्या संचात करपात्र वस्तू घातली की त्या संपूर्ण संचावर त्यातील सर्वाधिक दराने कर लागू शकतो. हिशेबनीसांनी हे लक्षात आणून दिल्यावर मेणबत्तीला नम्रपणे नकार दिला गेला.

कुंड्यांच्या बाबतीत दोन बदल झाले. रोप थेट रंगीत कुंडीत न लावता प्लॅस्टिकच्या लहान कुंडीतच ठेवायचे आणि ती कुंडी रंगीत कुंडीत बसवायची, म्हणजे पाणी मातीच्या भिंतीपर्यंत पोहोचत नाही. आणि उरलेल्या कोऱ्या कुंड्यांवर पुन्हा गेरू आणि पांढरी माती. ॲक्रेलिकच्या कुंड्यांना 'आत थेट माती भरू नये' अशी चिठ्ठी चिकटवली. नक्षीला दुकानात आतापर्यंत सरसकट 'वारली पेंटिंग' म्हटले जात होते. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट भागाशी जोडलेल्या नावाचे संरक्षण, आहे आणि गटातील एकही महिला पालघर-डहाणूकडची नव्हती. प्राध्यापकांनी हे निदर्शनास आणल्यावर पाटी बदलून 'गेरूवरची नक्षी' अशी केली. विक्रीवर काही परिणाम झाला नाही.

मजुरीबाबत तडजोड अशी झाली: तयार कुंडीमागे तीस रुपये लगेच आणि उरलेले तीस विक्रीनंतर; ॲक्रेलिकमुळे परत आलेल्या कुंड्यांचा भार गटावर नाही. पैसे 20 ऑक्टोबरला, वसुबारसेच्या आदल्या दिवशी, रोख दिले गेले. त्यासाठी दांपत्याने कडियमचा ठरलेला दुसरा ट्रक रद्द केला.

17 ऑक्टोबरच्या रात्री पुण्यात अतिवृष्टी झाली. व्हरांड्यात रचलेल्या गेरूच्या साठ-सत्तर कुंड्यांवर पाणी उडाले आणि नक्षी वाहून गेली. त्या पुन्हा रंगवल्या गेल्या. दुसऱ्या रंगकामाची मजुरी कोणी द्यायची हे ठरलेले नव्हते, आणि ती शेवटी कोणीच दिली नाही. कंपनीची पोहोच 19 तारखेला वेळेवर झाली.

दुकानातल्या किरकोळ विक्रीत मात्र एक गोष्ट बिघडली. कळ्या असलेल्या टाकीमागच्या कुंड्या समोर मांडल्या होत्या आणि हंगामापुरता ठेवलेला मुलगा गिऱ्हाइकांना "चार दिवसांत फुलेल" असे सांगत होता. त्या वर्षी 25 तारखेला सूर्यग्रहण होते आणि पाडवा व भाऊबीज एकाच दिवशी, 26 ला आले, आणि खरेदीला मिळालेला एक जास्तीचा दिवस या मुलाने अशा आश्वासनांत घालवला. चार दिवसांत काही फुलले नाही. भाऊबीजेनंतर तक्रारी आल्या, काहींनी कुंड्या परत केल्या. 'कार्तिकात फुलणारी शेवंती' अशी पाटी लावून तीच कुंडी थोडी स्वस्त विकली असती तर घेणारा समजून घेऊन गेला असता.

नाताळची रोपे

शेवंतीची गोष्ट कळल्यावर प्राध्यापकांनी पुढचा प्रश्न पॉइन्सेटियाबद्दल विचारला. या झाडाचा लाल भाग म्हणजे फूल नव्हे, ती छदे, म्हणजे फुलाभोवतीची रंगीत पाने, आहेत, आणि ती रंगण्यासाठी आठ ते दहा आठवडे रोज रात्री लांब, अखंड अंधार लागतो. या बाबतीत ते शेवंतीपेक्षा हळवे आहे. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेडही त्याला अडवतो. ऑक्टोबरच्या आरंभापासून अंधार मिळाला तर डिसेंबरच्या मध्यापर्यंत रंग भरणार होता, म्हणजे वेळ अजून हातात होती.

दिवा बंद झाला होता, पण शेजारच्या इमारतीच्या आवारातला प्रकाश कुंपणावरून येत होता. दुसऱ्याच दिवशी रोपे टाकीमागे आणि तिच्या पलीकडच्या भिंतीलगत हलवली गेली. पॉइन्सेटियाचा पांढरा चीक हाताला लागला की काहींना खाज सुटते, म्हणून हातमोजे घालून हे काम करावे लागले आणि त्यात दिवस गेला. सगळी रोपे तेथे मावेनात. साठ रोपे दुकानाच्या दर्शनी भागात, आकाशकंदील आणि माळांच्या खाली, हिरवी सजावट म्हणून ठेवली गेली. मालकांना धोका ठाऊक होता, पण दिवाळीत दर्शनी भाग रिकामा दिसणे त्यांना परवडणारे नव्हते.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात टाकीमागची रोपे लालभडक झाली होती. माळांखालची साठ रोपे तुळशीच्या लग्नापर्यंत उजेडात राहिली आणि नाताळला हिरवीच होती; काहींच्या शेंड्याला फिकट तांबूस छटा होती, एवढेच.

निष्पत्ती

कंपनीकडून तक्रार आली नाही आणि पुढच्या वर्षासाठी तिने स्वतःहून चौकशी केली. त्या ऑर्डरवरचा नफा अपेक्षेच्या निम्म्याहून थोडा जास्त राहिला.

शेवंतीचे पुढे जे झाले ते कोणी योजलेले नव्हते. अंधारातल्या कुंड्या नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात उमलल्या. कार्तिकी द्वादशी 5 नोव्हेंबरला होती आणि कार्तिक पौर्णिमा 8 ला. तुळशीच्या लग्नासाठी दरवर्षी तुळशीची रोपे खपतातच; मालकीणबाईंनी गेरूच्या कुंडीत तुळस आणि शेजारी फुललेली शेवंती अशी जोडी मांडली. दिवाळीत न खपलेल्या कुंड्यांपैकी बऱ्याचशा त्या चार दिवसांत गेल्या आणि गटाचे उरलेले तीस रुपयेही बहुतांशी मोकळे झाले.

दिव्याच्या झोतात सापडलेल्या कुंड्यांना 2 ऑक्टोबरपासून अंधार मिळाला, त्यात आठ-नऊ आठवडे मिळवले की येतो नोव्हेंबरचा शेवट. मार्गशीर्ष 24 नोव्हेंबरला, नेमका गुरुवारी, सुरू झाला होता आणि त्या महिन्यात पाच गुरुवार आले. महालक्ष्मीच्या व्रतासाठी फुले आणि फुलझाडे दोन्ही लागतात. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात या कुंड्या दिवाळीच्या अपेक्षित भावापेक्षा थोड्या कमी दराने, पण जवळजवळ सगळ्या विकल्या गेल्या. पॉइन्सेटियाची सुमारे दोनशे सत्तर रोपे नाताळपर्यंत गेली.

तोटा झालाच नाही असे नाही. रद्द झालेला ट्रक, परत आलेल्या कुंड्या, साठ हिरवे पॉइन्सेटिया आणि 'चार दिवसांत फुलेल' वर विश्वास ठेवून नाराज झालेली गिऱ्हाइके, ज्यांतील काही पुन्हा दुकानात दिसली नाहीत, हे सगळे खर्चाच्या बाजूला आहे.

वेगळे काय करता आले असते

पहिला निर्णयबिंदू ऑक्टोबरमध्ये नव्हता, तो मे-जूनमध्ये होता. लक्ष्मीपूजनाच्या तारखेपासून नऊ-दहा आठवडे मागे मोजले की शेवंतीला लांब रात्री कधीपासून मिळायला हव्यात ते कळते. 24 ऑक्टोबरसाठी ती तारीख ऑगस्टच्या मध्यावर येत होती. त्या वेळी छाटे लवकर लावून काळ्या कापडाची तयारी करणे, लवकर फुलणारी जात निवडणे, किंवा दिवाळीसाठी शेवंतीवर भिस्तच न ठेवणे हे तिन्ही मार्ग खुले होते. 2 ऑक्टोबरला त्यांतला एकही उरला नव्हता. पॉइन्सेटियाला हा हिशेब लागत नाही, कारण नाताळची तारीख हलत नाही. चांद्र तिथीवर चालणाऱ्या सणासाठी तो दरवर्षी नव्याने करावा लागतो.

दुसरा बिंदू ऑगस्टमध्ये छायाचित्र दाखवून ऑर्डर घेण्याचा. नोव्हेंबरमध्ये काढलेले छायाचित्र ऑक्टोबरच्या पोहोचीचा नमुना म्हणून दाखवले गेले, आणि त्यात फसवण्याचा हेतू नव्हता. पण जिवंत मालाच्या ऑर्डरमध्ये 'फूल न आल्यास पर्यायी रोप' ही एक ओळ असती तर सोमवारचा तो फोन इतका जड गेला नसता.

गटाशी झालेल्या तोंडी कराराबद्दल माझे मत थोडे कडक आहे. विक्रीनंतर पैसे या पद्धतीत दुकानदाराचा धोका कारागिराच्या अंगावर जातो, आणि तो धोका कमी करण्याचे कोणतेही साधन कारागिराच्या हातात नसते. रोप कधी फुलेल, दुकानात कुंडी कोठे मांडली जाईल, भाव काय लागेल, यांतले काहीही महिला ठरवत नव्हत्या. निम्मी रक्कम काम झाल्यावर देण्याची तडजोड संकटात सुचली, ती जुलैतच ठरायला हवी होती. पावसाने वाहून गेलेल्या नक्षीची मजुरी न देणे मला अयोग्य वाटते, जरी गटाने ती मागितली नाही.

रंगाचा बदल आधी चार कुंड्यांवर करून, त्यांत रोप लावून, महिनाभर पाणी घालून पाहता आला असता. कुंड्या हाताशी होत्या आणि जूनही मोकळा होता.

2023 मध्ये अधिक श्रावण आला आणि लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला गेले. आदल्या वर्षीचा धडा आंधळेपणाने गिरवला असता तर शेवंती या वेळी दिवाळीआधीच फुलून गेली असती. दांपत्याने दोन तुकड्या केल्या: एक नैसर्गिक अंधारात, दिवाळीसाठी, दुसरीवर सप्टेंबरअखेरपर्यंत रात्री तोच फ्लडलाइट, या वेळी ठरवून, मार्गशीर्षासाठी. गट व्हरांड्यातच काम करतो. करार आता एका पानावर लिहिलेला आहे, त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या आहेत, निम्मी रक्कम आगाऊ आहे. हंगामाच्या शेवटी न विकलेल्या कुंड्या कोणाच्या, हे कलम मात्र अजून कोरे आहे. मालकीणबाईंना त्या परत द्यायच्या आहेत, आणि अध्यक्षांचे म्हणणे असे की गटाकडे त्या ठेवायला जागाच नाही.